विषाणू मेला म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठवीला सूक्ष्मजीव शिकवताना एका मुलीनं विचारलं, "सर, विषाणूंना सजीव मानत नाहीत, मग साबणानं कोरोना मरतो कसा? जो जिवंतच नाही तो मरेल कशाला?" मागच्या बाकावरून कुणीतरी भर घातली की दगडाचे काही नवे व्हेरियंट निघत नाहीत. 'ते सीमारेषेवर आहेत' असं सांगून तुम्ही वेळ मारून नेलीत आणि आता विचारताय, विषाणू सजीव मानायचे की नाही ते एकदाचं सांगा.

सांगते. हवेतला, बाटलीतला, दाराच्या कडीवरचा विषाणूचा कण सजीव नाही. तोच कण पेशीत शिरल्यावर तिथे जे सुरू होतं ते मात्र सजीवांच्याच हिशेबातलं आहे. त्यानंतर त्या पेशीला आपली म्हणायचं की विषाणूची, भांडण खरं तर तिथे आहे. सत्तावीस वर्षं विषाणूंच्या लॅबमध्ये काढून माझं हे मत झालंय. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांना ते पटत नाही, हेही ध्यानात ठेवा.

गंमत म्हणजे मराठीनं शब्द घडवतानाच निकाल लावून टाकलाय. बॅक्टेरिया म्हणजे जिवाणू, त्यात जीव आहे. व्हायरस म्हणजे विषाणू, त्यात नुसतं विष. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विषच. हा शब्द रुळला तेव्हा विषाणू कुणी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या चट्टे पडलेल्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू वर अडकतील इतकी ती बारीक. तरी खाली आलेल्या रसानं चांगली रोपं आजारी पडली. १८९८ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायरिंक यांनी तसाच प्रयोग करून ठरवलं की हा जिवंत, संसर्ग करणारा द्रव आहे. द्रव, आणि तोही जिवंत! आज हसू येतं, पण हाताशी होतं तेवढ्यावर त्यांनी केलेला विचार वाईट नव्हता.

मग १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक करून दाखवले. साखरेचे व्हावेत तसे. स्फटिक बाटलीत भरून ठेवा, नंतर पाण्यात विरघळवून पानावर चोळा, रोप आजारी. चार दशकं ज्याला अतिसूक्ष्म जंतू समजत होते तो रसायनांच्या कपाटात जाऊन बसला. स्टॅन्लींना १९४६ मध्ये नोबेल मिळालं तेही रसायनशास्त्राचं. विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन हा त्यांचा समज मात्र चुकला. इंग्लंडमध्ये बॉडन आणि पिरी यांना त्यात थोडं आरएनए, म्हणजे जनुकीय सूचना वाहणारं रसायन, सापडलं, आणि सगळी करामत त्या थोड्याशा आरएनएचीच निघाली. १९५५ मध्ये बर्कलीला फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी प्रथिन एका नळीत आणि आरएनए दुसऱ्या नळीत असं वेगळं केलं आणि पुन्हा एकत्र मिसळलं. नळीत आपोआप विषाणू जुळले आणि पानांना रोग झाला. जरासंधाची गोष्ट मुलांना माहीत असेल. दोन शकलं वेगवेगळी पडलेली, जरा राक्षसिणीनं एकत्र धरली आणि पोर रडायला लागलं. इथे तर राक्षसीण पण लागली नाही.

एवढ्यावर 'रसायनच ते' म्हणून मोकळं होता येतं. मला तसं होता आलं नाही, आणि त्याला कारण आमचा रविवार.

लॅबमध्ये विषाणू वाढवायचे तर आधी पेशी वाढवाव्या लागतात. आम्ही बहुतेक वेरो पेशी वापरायचो. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानमध्ये त्या वेगळ्या केल्या आणि आजतागायत जगभर वाढताहेत. फ्लास्कच्या तळाला त्यांचा एकपदरी थर बसतो, फरशी बसवल्यासारखा. वर लालसर गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव. पेशी खातात, आम्ल सोडतात, आणि दोन-तीन दिवसांत तो मीडिया नारिंगी, मग पिवळा पडतो. पिवळा दिसला की बदलायचा, म्हणजे त्यांना खाऊ घालायचं. त्यात रविवार नाही, गणपती नाही. पावसात रिक्षा मिळत नसताना मी माकडाच्या पेशींना जेवू घालायला गेलेली आहे. विषाणूसाठी रविवारी कधीच कुणी जात नाही. तो फ्रीजरमध्ये पडलेला असतो, त्याला काही लागत नाही. चयापचय म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकले, पण ते कळलं त्या पिवळ्या पडलेल्या फ्लास्कमुळे.

एका दिवाळीच्या सुट्टीत आमची द्रवरूप नायट्रोजनची टाकी कोरडी पडली. चूक आमचीच, भरायची पाळी कुणाची यावर दोघं एकमेकांवर विसंबले. आत साठवलेल्या पेशी गेल्या. वितळवून फ्लास्कमध्ये टाकल्या, एकही तळाला चिकटली नाही. त्याच महिन्यात जुन्या साठ्यातली एक काचेची अँप्यूल उघडायचं काम निघालं. आत डासांमार्फत पसरणारा एक विषाणू, उंदराच्या दूधपित्या पिलांच्या मेंदूच्या घोळात गोठवून सुकवलेला. लेबलवरचं वर्ष माझ्या जन्माच्या आधीचं. कानशीनं मानेवर ओरखडा काढून काच मोडली. तळाला पिवळट पांढरी भुकटी, खाण्याच्या चुन्याएवढी. अर्धा मिली पाणी घातलं, उसन्या आणलेल्या पेशींवर टाकलं. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फरशीला भोकं. पेशी गोल होऊन सुटायला लागल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत निम्मा थर उखडला. चांगल्या जोपासलेल्या पेशी चार दिवसांच्या हलगर्जीनं मेल्या, आणि ही भुकटी काही दशकं काहीही न खाता पडून होती.

आता यावर लोक म्हणतात, मग तो ज्वारीच्या बीसारखा आहे, सुप्त. हे साम्य फसवं आहे. बी अगदी मंद का होईना श्वसन करतं, त्याच्याकडे स्वतःच्या पेशी असतात, अन्न असतं, आणि पाणी मिळालं की ते स्वतःच्या बळावर उगवतं. शिवाय बी वाढतं तेव्हा ते बी असणं सोडून रोप होतं, पण मधल्या कुठल्याही क्षणी बोट ठेवून 'हे ते' म्हणता येतं. विषाणूचं तसं नाही.

१९४० च्या दशकाच्या अखेरीला ऑगस्टस डोरमन यांनी एक साधा प्रयोग केला. जिवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, जिवाणूंवर सोडायचे आणि दर थोड्या मिनिटांनी जिवाणू मुद्दाम फोडून आत किती विषाणू आहेत ते मोजायचं. अपेक्षा अशी की एकाचे दोन, दोनाचे चार होताना दिसतील. दिसलं काय? शून्य. टी-४ या फाजमध्ये सुमारे पहिली १२ मिनिटं आत संसर्ग करू शकेल असा एकही कण सापडत नाही. आत गेलेलासुद्धा नाही! मग एकदम सापडायला लागतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास जिवाणू फुटून शेकडो बाहेर पडतात. या मधल्या काळाला इंग्रजीत ग्रहणाचाच शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. ग्रहणात विषाणू नावाची वस्तू कुठेच नसते. तिचं कवच बाहेर राहिलेलं असतं, सूचना पेशीच्या यंत्रणेत मिसळलेल्या असतात, आणि पेशीचे रायबोसोम मुकाट्यानं विषाणूची प्रथिनं घडवत असतात. जिवाणू वाढतो आणि दुभागतो. विषाणू कधीही वाढत नाही, कधीही दुभागत नाही. सुटे भाग तयार होतात आणि जुळवले जातात, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कूटरसारखे.

म्हणून मी म्हणते, कण हा विषाणूच्या एकूण कारभाराचा सगळ्यात निर्जीव भाग आहे आणि आपण नेमका त्याचाच फोटो पुस्तकात छापतो. पॅट्रिक फोर्तेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी याला नाव दिलंय 'व्हायरोसेल'. संसर्ग झालेली पेशी हाच विषाणूचा जिवंत देह, कण हे फक्त पुढच्या घरी जायचं वाहन. मला हे बरंचसं पटतं. संसर्ग झालेली पेशी श्वसन करते, ऊर्जा वापरते, प्रथिनं बनवते, पण हे सगळं माकडाच्या पेशी आणखी व्हाव्यात म्हणून करत नसते.

'दुसऱ्याच्या जिवावर जगतो म्हणून सजीव नाही' हा शाळेतला मुद्दा मात्र मुलांना सांगू नका, तो टिकत नाही. कुष्ठरोगाचा जिवाणू आजही कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही, त्याला उंदराचा तळपाय नाहीतर आर्माडिलो हा प्राणी लागतो. म्हणून त्याला कुणी निर्जीव म्हणत नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, अमरवेलीला मुळं नाहीत. परजीवी असणं हा गुन्हा असेल, पण त्यानं सजीवांच्या यादीतून नाव कटत नाही. फरक इतकाच की कुष्ठरोगाच्या जिवाणूकडे स्वतःचे रायबोसोम आहेत आणि तो स्वतः दुभागतो. विषाणूकडे कवच आहे आणि जनुकीय सूचनांचा मजकूर आहे.

आणि तेही एका जागी असेलच असं नाही. जळगावकडे केळीवर हरण्या नावाचा रोग येतो, रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी त्यापायी उभ्या बागा उपटल्या आहेत. तो कुकुंबर मोझॅक व्हायरसमुळे होतो आणि मावा तो पसरवतो. या विषाणूचा जनुकीय मजकूर तीन तुकड्यांत असतो आणि ते तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. दिसायला सगळे कण सारखे. मावा पानाला सोंड लावतो तेव्हा तिन्ही तुकडे एकाच पेशीत पोचले तरच पूर्ण रोग. आता मला सांगा, यातला 'एक' विषाणू कुठला? एकट्या कणाला जिवंत म्हणावं तर त्याच्या हाती एक तृतीयांश मजकूर. तिघांना मिळून एक जीव म्हणावं तर तो जीव तीन ठिकाणी विखुरलेला. वालाच्या जातीतल्या फाबा बीनच्या एका विषाणूत हे आणखी पुढे गेलंय. त्याचे आठ तुकडे आठ वेगळ्या कणांत, आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ते सगळे एका पेशीत नसले तरी चालतं, शेजारच्या पेशींत राहून एकमेकांची कामं करतात. हे वाचल्यापासून 'हा कण सजीव की निर्जीव' हा प्रश्न मला एका पत्त्याकडे बघून 'हा डाव कोण जिंकला' विचारण्यासारखा वाटतो.

दुसऱ्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलतात ते महाकाय विषाणूवाले. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात एक जंतू सापडला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा, जिवाणूसारखा रंग घेणारा. त्याला जिवाणू समजून तसं नावही ठेवलं आणि बाटली पडून राहिली. २००३ मध्ये मार्सेच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा विषाणू आहे. नाव मिमिव्हायरस, म्हणजे सोंग घेणारा. पोलिओच्या विषाणूचा मजकूर साडेसात हजार अक्षरांचा, याचा जवळजवळ १२ लाखांचा. पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी असे महाकाय विषाणू मुंबईच्या पाण्यातून शोधले आणि त्यांची नावं वाचून मी हसत सुटले. पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस, कुर्लाव्हायरस. उगाच घाबरू नका, ते अमीबांमध्ये राहतात. या मंडळींकडे प्रथिनं बनवायच्या यंत्रणेचे काही भागही आहेत. ब्राझीलमध्ये २०१८ साली सापडलेल्या टुपानव्हायरसकडे तर त्यातलं जवळजवळ सगळं साहित्य आहे. स्वयंपाकघर भरलेलं, फक्त चूल नाही. रायबोसोम एकाही विषाणूकडे नाही.

मिमिव्हायरसच्या एका भाईबंदाला स्वतःचा विषाणू होतो, २००८ मध्ये सापडला, नाव स्पुटनिक. त्यावरून 'जो आजारी पडतो तो जिवंतच असणार' असं वाक्य फार फिरलं. टाळ्या घेणारं आहे, पण स्पुटनिक काही महाकाय विषाणूच्या कणाला ताप आणत नाही. तो अमीबाच्या आत चाललेल्या त्याच्या कारखान्यात घुसून माल बिघडवतो. म्हणजे पुन्हा पेशीच.

माझ्या मताला खरा अडथळा वेगळाच आहे. इटलीत पोझुओलीच्या गरम झऱ्यातल्या एका आर्किया जातीच्या सूक्ष्मजीवाचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना लिंबासारखा असतो, आणि बाहेर पडल्यावर, पेशीचा काहीही संबंध नसताना, दोन टोकांना दोन शेपट्या काढतो. झऱ्याच्या पाण्याइतकी, ८५-९० अंशांच्या आसपासची उष्णता मात्र लागते. २००५ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी दोनदा वाचलं. कण पेशीबाहेर काहीच करत नाही, या माझ्या लाडक्या वाक्याला तिथे छेद जातो. मी स्वतःची समजूत अशी घातली की त्याला कुठलं इंधन लागत नाही, प्रथिनांची घडी उलगडते इतकंच. पापड तळताना फुगतो तेव्हा त्याला कुणी जिवंत म्हणत नाही. तरीही ही समजूत आहे, पुरावा नाही.

मागच्या बाकावरच्या मुलाचं काय? त्याचा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. उत्क्रांती होते ती ज्याची प्रत निघते, प्रतीत चुका होतात आणि त्यातल्या काही टिकतात, अशा कशाचीही. दगडाची प्रत निघत नाही. विषाणूची निघते, आणि आरएनए विषाणूंची तर भरपूर चुकांसह. डार्विनचे नियम विषाणूंना जिवाणूंइतकेच, किंबहुना जास्त वेगानं लागू पडतात. नासानं वापरलेल्या जीवनाच्या व्याख्येत उत्क्रांत होणं हवं आणि स्वतःच्या बळावर चालणंही हवं. विषाणू पहिल्यात पहिल्या नंबरानं पास, दुसऱ्यात नापास. उत्क्रांतीला पेशीची गरज आहे, पण उत्क्रांत होणारा मजकूर विषाणूचा स्वतःचा आहे, वंशावळही त्याची स्वतःची. त्या मुलाला शाबासकी द्या.

आता त्या मुलीचा 'मरतो कसा'. लॅबमध्ये आम्ही दिवसभर 'लाइव्ह व्हायरस' आणि 'किल्ड व्हायरस' म्हणतो आणि जेवणाच्या सुट्टीत विषाणू सजीव नाहीत असा वाद घालतो. कागदावर लिहिताना मात्र निष्क्रिय लिहितो. कोरोनाच्या कणाभोवती चरबीचं आवरण असतं, आणि ते आपल्याच पेशीच्या पडद्यातून उचललेलं असतं. साबण ते विरघळवतो, कण विस्कटतो, आता तो पेशीला चिकटू शकत नाही. कुलूप गंजून उघडेनासं झालं तर आपण कुलूप मेलं म्हणत नाही, पण विषाणूच्या बाबतीत म्हणतो, आणि व्यवहारात त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते मोजताना. कोविडमध्ये बरे झालेले लोक तीन-चार आठवड्यांनीही आरटीपीसीआर पॉझिटिव्ह यायचे आणि घरच्यांची झोप उडायची. ती चाचणी मजकुराचे तुकडे मोजते, कण धड आहे का हे तिला कळत नाही. आजार सौम्य असेल तर साधारण दहा दिवसांनंतर बहुतेकांच्या नमुन्यातून पेशींवर काहीच वाढत नसे. उलट बाजूही आहे. धड दिसणारे सगळे कण कामाचे असतात असंही नाही. पोलिओचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि तेच पेशींवर टाकून किती भोकं पडतात ते पाहिलं, तर भोकामागे कमीत कमी तीस, कधी हजार कण निघतात. मग उरलेले मेलेले का? साल्व्हादोर लुरिया यांनी १९४७ मध्ये छापलेल्या प्रयोगात अतिनील किरणांनी 'मारलेले' फाज जिवाणूंवर सोडले. एका जिवाणूत एक गेला तर काही नाही. दोन-तीन एकत्र गेले तर एकाचा फाटका मजकूर दुसऱ्याच्या धड भागानं भरून निघाला आणि नवे फाज बाहेर पडले. दोन-तीन मृतदेह एका खोलीत ठेवून सकाळी भरलं घर सापडावं, तसं.

म्हणूनच 'किल्ड' लशीत कण किती प्रमाणात निष्क्रिय झाले हे तपासण्यात आमची वर्षं जातात. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या 'मारलेल्या' लशीच्या काही साठ्यांत विषाणू निष्क्रिय करणाऱ्या फॉर्मलिनचं काम अर्धवट झालं होतं. लस टोचलेल्या मुलांना आणि त्यांच्यामुळे इतरांना पोलिओ झाला, काही दगावली.

पोलिओवरूनच शेवटचं एक. १९९१ मध्ये एकार्ड विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओच्या विषाणूचं रासायनिक सूत्र छापलं, मीठ-पाण्याचं लिहितात तसं: कार्बनचे अणू ३,३२,६५२, आणि पुढे बाकीचे. २००२ मध्ये त्याच गटानं नुसत्या संगणकातल्या अक्षरांवरून डीएनए जोडून घेतला, त्यावरून आरएनए काढलं आणि पेशींच्या अर्कात विषाणू तयार केला. त्या विषाणूनं उंदरांना लकवा झाला. डोडो पक्षी गेला तो गेला. देवीचा विषाणू १९८० मध्ये जगातून हद्दपार जाहीर झाला, उरलेला साठा अमेरिका आणि रशियातल्या दोन प्रयोगशाळांत आहे आणि तो नष्ट करावा की नाही यावर अजून वाद चालतो. साठा जाळला तरी अक्षरं सगळ्यांकडे आहेत. त्यामुळे विषाणूच्या बाबतीत 'नामशेष' या शब्दाचाही मला नीटसा भरवसा वाटत नाही.

त्या मुलीला तुम्ही अँप्यूल, ग्रहण आणि हरण्या एवढं सांगितलंत तरी पुरे, बाकीचं ती आपणहून विचारेल. परीक्षेत मात्र तिला 'सजीव-निर्जीवांच्या सीमारेषेवर' असंच लिहायला सांगा. मार्क त्यालाच आहेत.